ताटातलं संपव, मग ऊठ

पत्र

नमस्कार ताई,

आम्ही सिडकोत राहतो. मी घरी ब्लाउज शिवते, मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, तीन पाळ्या असतात. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत आहे. दिवस पूर्ण भरूनही जन्मली तेव्हा २ किलो ३०० ग्रॅमची होती, अगदी काडी. सगळ्यांनी जीव लावून भरवली. तिसऱ्या वर्षापासून अंग धरायला लागली, तेव्हा आम्हाला आनंदच झाला. आता वजन ४० किलो आणि उंची १३५ सेंटिमीटर आहे. शाळेच्या गॅदरिंगसाठी कोळीनृत्यात तिचं नाव घेतलं आहे. वर्गातली मुलं 'ढोली' म्हणाली, तर घरी येऊन म्हणते, मला नाचायचं नाही, माझं नाव काढून टाका.

मिस्टर म्हणतात, तुझ्या माहेरचा वाण आहे, काही करून उपयोग नाही. सासूबाई सिन्नर तालुक्यातल्या. त्या म्हणतात, आम्ही बहात्तर साली मिलोच्या भाकरी खाल्ल्या, माझ्या नातीच्या ताटावर कुणी नजर ठेवायची नाही. नणंद म्हणते, एक वेळ उपाशी ठेव. शेजारच्या ताई वजन कमी करायची पावडर घ्या म्हणून मागे लागल्या आहेत.

ही पोटात होती तेव्हा मला पाच महिने उलट्या झाल्या, धड जेवण गेलं नाही. तेव्हाच माझं चुकलं का? अनुवंशिक असेल तर माझ्या हातात काही आहे का? रात्री झोप लागत नाही. माझंच चुकलं असं सारखं वाटतं.

– एक आई, सिडको, नाशिक

उत्तर

प्रिय ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. काय करू, हे तुम्ही थेट विचारलेलंच नाहीत. माझं चुकलं का, हे मात्र दोनदा लिहिलंत. म्हणून आधी त्यालाच हात घालते.

तुमचं चुकलं नाही. उलट्या कुणी मागून घेत नाही, आणि पाच महिने त्या सोसून तुम्ही पूर्ण दिवसांचं लेकरू जन्माला घातलंत. पण पोटातल्या दिवसांचा पुढच्या वजनाशी काहीच संबंध नाही असं सांगून तुम्हाला गप्प करणार नाही. संबंध आहे. तो नीट कळला की तुम्हीच म्हणाल, यात दोष कुणाला द्यायचा?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मायलेकरांचा अभ्यास करत आले आहेत. त्या गावांत जन्मलेली बाळं सरासरी २.७ किलोची भरली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची होती. आपली बाळं उंचीला कमी, पोटाचा घेर लहान, अंगावर मांस कमी. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी मोजली तर ती त्या मानाने फारशी कमी नव्हती. म्हणजे बाळ दिसायला बारीक, आतून मात्र चरबी राखून ठेवणारं. पोटात अन्न कमी मिळालं की बाळाचं शरीर आधी मेंदू सांभाळतं, स्नायूंवरचा खर्च कमी करतं आणि अडीअडचणीसाठी चरबी शिल्लक टाकतं. घरात पैसा कमी असला की आपण जसं शाळेची फी आधी भरतो आणि सणाचे कपडे पुढे ढकलतो, तसंच ते आहे.

हे शरीर कमी अन्नाच्या दुनियेसाठी तयार झालेलं असतं. बाहेर आल्यावर त्याला भरपूर मिळालं तर अडचण तिथे सुरू होते. दिल्लीत १९६९ ते १९७२ या काळात जन्मलेल्या मुलांची वजनं-उंच्या जन्मापासून वर्षानुवर्षं मोजून ठेवली होती. ती मुलं २६ ते ३२ वर्षांची झाल्यावर त्यांच्यातल्या जवळजवळ दीड हजार जणांची रक्तातली साखर तपासली. ज्यांची साखर बिघडलेली निघाली ते बहुतेक पहिल्या दोन वर्षांत बारीक होते आणि दोन ते बारा या वयात त्यांचं वजन उंचीच्या मानाने सतत वर चढत गेलं होतं. बाराव्या वर्षी त्यांच्यापैकी एकही जण लठ्ठ म्हणावा असा नव्हता. वजनाची चढण मात्र लवकर सुरू झाली होती.

या चढणीबद्दल आपल्या घराघरांत एक गैरसमज आहे. वर्षाचं बाळ गोबरं असतं. त्यानंतर मूल उंच होतं, पळतं आणि पाच-सहा वर्षांपर्यंत बारीक दिसू लागतं. हे निसर्गाचंच ठरलेलं आहे. सहाच्या आसपास ते पुन्हा हळूहळू भरतं. पण मधल्या त्या वर्षांत आज्या, मावश्या, शेजारणी सगळ्या एका सुरात म्हणतात, 'वाळली गं पोर!' आणि भरवणं सुरू होतं. तुमची मुलगी तिसऱ्या वर्षी अंग धरायला लागली, म्हणजे खरं तर तिची बारीक व्हायची वर्षं होती तेव्हा ती भरत होती. तुम्हाला तेव्हा आनंद झाला. कुठल्याही आईला झाला असता. काडीसारखं लेकरू मांडीवर घेतलेल्या बाईला गोबरे गाल दिसले की देव पावल्यासारखंच वाटतं.

आता सासूबाईंकडे येते. पत्रातल्या त्यांच्या एका वाक्याने मला तुमच्या घराबद्दल सगळ्यात जास्त सांगितलं.

बहात्तरच्या दुष्काळात सिन्नर, येवला, नांदगाव या भागांत काय झालं ते माझ्या आजोळच्या माणसांकडून ऐकत मी मोठी झाले. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला अख्खी घरं जायची. तिथे सुकडी, म्हणजे खायला तयार पौष्टिक पीठ, मिळायची. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, यायचा, त्याची भाकरी थापताना तुटायची आणि घशाखाली उतरायची नाही. माझ्या आजीने त्यानंतर जन्मभर गुळाचा डबा पेटीत कुलूप लावून ठेवला. घरात पाच पोती धान्य असतानाही ठेवला. अशा बाईच्या हातात तिची २ किलो ३०० ग्रॅमची नात दिली, तर ती काय करेल? जे सासूबाईंनी केलं तेच करेल.

उपासमार तर शरीरातही उतरते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये जर्मनांनी अन्नाची वाट अडवली आणि शहरांतल्या माणसांना दिवसाला हजार कॅलरीही मिळेनात. पुढे १९७६ साली लष्करभरतीच्या नोंदींतून १९ वर्षांच्या तीन लाख तरुणांची माहिती तपासली गेली. आईच्या गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात ज्यांच्या वाट्याला तो दुष्काळ आला होता, त्यांच्यात लठ्ठपणा जास्त होता. ज्यांच्या वाट्याला तो शेवटच्या महिन्यांत आणि जन्मानंतर लगेच आला, त्यांच्यात कमी होता. पोटातलं अन्न कमी पडलं एवढंच पुरेसं नाही, ते कुठल्या महिन्यात कमी पडलं यावरही अवलंबून असतं. म्हणून 'मला उलट्या झाल्या आणि त्यामुळे ही अशी झाली' असा सरळ हिशेब तुम्ही तर सोडाच, कुठलाही डॉक्टर मांडू शकणार नाही. तो मांडणं आजपासून बंद करा.

शरीरापेक्षा जास्त ती उपासमार घराच्या रीतीत उतरते, आणि ती रीत म्हणजे 'ताटातलं संपव, मग ऊठ.'

गेल्या महिन्यात माझ्या दवाखान्याच्या बाकावर पाहिलेलं सांगते. एक आजी, मांडीवर तीन वर्षांचा नातू. एका हातात वरणभाताची वाटी, दुसऱ्या हातात मोबाईल. मुलाचे डोळे पडद्यावर. चमचा ओठांना लागला की तोंड आपोआप उघडायचं, दारावरची घंटी वाजली की दार उघडावं तसं. मी बसल्या बसल्या मोजत होते. तेराव्या घासाला त्याने मान फिरवली. आजींनी मोबाईल बंद केला. मान परत फिरली, तोंड उघडलं, मोबाईल सुरू झाला. अजून नऊ घास गेले. वाटी रिकामी झाल्यावर आजींच्या चेहऱ्यावर जे समाधान आलं ते खरं होतं. पण तेराव्या घासाला ते लेकरू स्वच्छ सांगत होतं की माझं पोट भरलं. ते ऐकायला तिथे कुणी नव्हतं, आणि रोज असंच झालं तर काही वर्षांनी त्याला स्वतःलाही ते ऐकू येणार नाही.

हे माझं मत म्हणून सांगत नाही. अमेरिकेत लेआन बर्च यांनी लहान मुलांवर यासाठी प्रयोग केले. जेवणाआधी थोडं खाल्लेलं असलं की मुलं पुढचं जेवण आपोआप कमी करतात, कुणी सांगावं लागत नाही. पण ताट रिकामं केलं की शाबासकी किंवा बक्षीस, असं ज्यांना शिकवलं त्यांची ही आपोआपची मोजणी बिघडली. त्यांच्याच पुढच्या संशोधनात दुसरी बाजूही दिसली. एखादा पदार्थ डोळ्यांसमोर ठेवून 'याला हात लावायचा नाही' म्हटलं की मुलांचं लक्ष त्या पदार्थातच अडकतं आणि मिळाला की जास्त खाल्ला जातो. म्हणून नणंदबाईंचा एक वेळ उपाशी ठेवायचा सल्ला मला मुळीच मान्य नाही. मुलगी चोरून खायला शिकेल, आणि चोरून खाणारं मूल एकटं पडतं. तुमची तर आधीच पडू लागली आहे.

सासूबाईंना 'जास्त भरवू नका' असं सांगू नका. ते त्यांच्या कानाला 'माझ्या नातीला उपाशी ठेवा' असंच ऐकू येईल. त्याऐवजी म्हणा, 'आई, ताटात उष्टं पडायला नको, म्हणून आधी थोडं वाढू, तिने मागितलं की परत वाढू.' अन्न वाया जाऊ नये हा त्यांचा आग्रह चुकीचा नाहीच, तो जपायचाच आहे. फक्त वाढणाऱ्या हाताने अंदाज कमी धरायचा. अर्धी पोळी, एक पळी भाजी, वाटीभर वरण, मुठीएवढा भात. मागितलं तर पुन्हा, हसत. नाही मागितलं तर विषय संपला. 'एवढ्यातच झालं?' असं कुणीही म्हणायचं नाही, हा घरातला नवा नियम. एवढा एक नियम पाळला तरी माझ्या सल्ल्यातलं अर्धं काम झालं.

आणि सासूबाईंना एक काम द्या. सुरगाणा-पेठकडची नागली, म्हणजे नाचणी, बुधवारच्या बाजारात गंगेवर, गोदाकाठी मिळते. नागलीची भाकरी, पिठल्याचा गोळा, मोडाची मटकी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, ताक. हे सगळं त्यांच्या हातचं आहे. त्यांना ते 'गरिबीतलं खाणं' वाटत असेल. नातीला समोर बसवून त्यांनी भाकरी थापायला शिकवली तर त्या खाण्याला घरात पुन्हा मान मिळेल. मुलगी खाईल का? स्वतः थापलेली वेडीवाकडी भाकरी मुलं खातात, हे मी बघितलं आहे.

आता मिस्टरांच्या 'माहेरच्या वाणा'बद्दल.

वाण असतो, हे खरं. डेन्मार्कमध्ये ५४० दत्तक मुलांचा अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. मोठेपणी त्यांचा अंगलोट जन्मदात्या आईवडिलांशी जुळला, वाढवणाऱ्यांशी नाही. २००७ मध्ये वजनाशी जोडलेला एक जनुक सापडला, त्याचं नाव एफटीओ. त्याच्या दोन्ही प्रती, आईकडून आलेली आणि वडिलांकडून आलेली, वजनाकडे झुकणाऱ्या असतील तर माणसाचं वजन सरासरी तीन किलोने जास्त भरतं. तीन किलो, ताई. त्यापुढचं सगळं त्या एका जनुकाच्या माथी मारता येत नाही. आणि अंगमेहनत करणाऱ्यांमध्ये त्या जनुकाचा जोर कमी पडतो, हेही दिसून आलं आहे. वाण म्हणजे बियाणं. निफाडच्या कुठल्याही बागायतदाराला विचारा, एकाच जातीची द्राक्षवेल दोन मळ्यांत सारखी का येत नाही. माती, पाणी, छाटणी हे सगळं घराच्या हातात असतं. शिवाय मुलीत निम्मा वाण त्यांचाही आहे, हे त्यांना प्रेमाने सांगा.

मग करायचं काय? पहिली गोष्ट अशी की 'तिचं वजन कमी करायचं' हा कार्यक्रमच घरात ठेवायचा नाही. तिला वेगळं ताट, वेगळी पोळी, वेगळं 'डाएट' नको. जे बदलायचं ते चौघांसाठी बदलायचं. याला आधार आहे. अमेरिकेत लिओनार्ड एपस्टाईन यांनी लठ्ठ मुलांच्या कुटुंबांचा दहा वर्षं पाठपुरावा केला आणि ते १९९० मध्ये प्रसिद्ध झालं. जिथे पालकही मुलासोबत बदलले, तिथे दहा वर्षांनंतरही फरक टिकला होता. फक्त मुलावर काम केलं होतं तिथे टिकला नाही. इस्राएलमध्ये मोरिया गोलान यांनी तर मुलांना बाजूला ठेवून फक्त आईवडिलांना शिकवलं, तरी मुलांना थेट शिकवण्यापेक्षा ते सरस ठरलं.

तुमच्या घरातल्या दिवसाचं मी जे चित्र उभं करते त्यात मला या तीन वेळा खटकतात: संध्याकाळ, रात्र आणि रविवार. पत्रात हे सगळं नाही, पण तीन पाळ्यांची घरं मी बरीच पाहिली आहेत. चुकत असेन तर सोडून द्या.

संध्याकाळचे पाच. मूल शाळेतून येतं, तुम्ही मशिनवर असता, गिऱ्हाईक दारात असतं. हाताशी बिस्किटाचा पुडा आणि दुधात पावडर, त्यात वर दोन चमचे साखर. त्या पावडरीतही साखर असतेच. मुलाला दिवसभरात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमपर्यंत म्हणजे पाच-सहा चमचे पुरे, आणि यातले बरेचसे चमचे पाच वाजताच संपलेले असतात. दूध द्या, पण साधं. सोबत उकडलेल्या शेंगा, चण्या-फुटाण्यांची वाटी, पेरू, किंवा दुपारची पोळी-भाजी गुंडाळून. ते सकाळीच डब्यात काढून ठेवा, कारण पाच वाजता घाई जिंकते. द्राक्षांच्या दिवसांत वाटीभर द्राक्षं खुशाल द्या. रस काढून नको, नुसती द्राक्षं.

दुसरी वेळ रात्रीची. बाबांची दुसरी पाळी असेल तर ते रात्री उशिरा येतात. मुलगी त्यांची वाट बघत जागी राहते, आणि तेही दिवसभर भेटले नाहीत म्हणून हातात काहीतरी घेऊन येतात. आइस्क्रीम, पाववडा, चिवड्याचा पुडा. ती माया आहे हे मला कळतं. पण सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. झोप तुटली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते, गोडाकडे ओढा वाढतो आणि खेळायचा उत्साह जातो. त्या आठवड्यात मुलीला साडेनवाला झोपवा आणि बाबांची भेट सकाळी ठेवा. शाळेच्या आधी अर्धा तास दोघांनी सायकल घेऊन निघावं, किंवा नुसतं चालत मैदानापर्यंत जाऊन यावं. बाबांनी आणायचा खाऊ म्हणजे ते स्वतः, एवढं त्यांना कळलं तर हे सोपं आहे.

तिसरी वेळ रविवार. नाशिकमध्ये राहून मिसळ बंद करा असं मी म्हणणार नाही. मोडाची मटकी चांगलीच आहे. दोन पाव पुरेत, सोबतची जिलेबी चौघांत एक प्लेट, आणि बाटलीतलं शीतपेय नको. एका २५० मिलिलिटरच्या बाटलीत दिवसभराची साखर एकदम पोटात जाते. मिसळीनंतर सोमेश्वरला नाहीतर पांडवलेणीला जा. पांडवलेणीच्या पायऱ्या आजी चढणार नाहीत, पण खाली बसून 'कोण आधी पोचतं बघू' म्हणायला त्या हव्यात. मुलांना रोज तासभर दमवणारा खेळ हवा, आणि तो व्यायाम म्हणून सांगितला की मुलं पळ काढतात. लंगडी, दोरीउड्या, बॅडमिंटन असं काहीही.

आता मानेबद्दल. तुम्ही लिहिलं नाहीत, पण बघाच. मुलीची वेणी वर करून मान मागून पाहा. तिथे, काखेत किंवा कोपराला काळपट, मखमलीसारखी जाड कातडी दिसते का? माझ्याकडे आलेल्या एका मुलीची मान तिच्या आईने बेसन-लिंबू, मग ब्रशने घासून घासून सोलून काढली होती. मळ आहे समजून. 'आंघोळ नीट करत नाहीस' म्हणून ती मुलगी वर्षभर बोलणी खात होती. तो मळ नव्हता. रक्तातली साखर आवरणारं इन्सुलिन शरीराला जास्त लागू लागलं की कातडीवर उमटणारी ती खूण असते. तशी दिसली तर घासू नका, डॉक्टरांना दाखवा.

तशीही एकदा बालरोगतज्ज्ञांची भेट घ्याच. तुमच्या आकड्यांवरून तिचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, जवळपास २२ येतो. मोठ्या माणसांचा नियम मुलांना लागत नाही. भारतीय बालरोग संघटनेचे २०१५ चे ५ ते १८ वर्षांचे तक्ते आहेत, त्यावर ती वरच्या रेषेच्या पुढे आहे, म्हणून तपासणी हवी. रक्तदाब, उपाशीपोटी साखर, चरबी, यकृत बघतील. उंची थांबल्यासारखी वाटली तर थायरॉइड. झोपेत जोरात घोरते का, गुडघे दुखतात का, हेही सांगा. आणि डॉक्टरांना आधीच विनंती करा की वजनाचं बोलणं मुलगी बाहेर असताना करू. ती पावडर मात्र घेऊ नका. नऊ वर्षांच्या वाढत्या शरीराचं जेवण काढून तिथे पावडर ठेवायची नसते.

हे वाचणाऱ्या ज्या घरांत आत्ता कुणी गरोदर आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. साखरेची तपासणी टाळू नका. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात, सरकारी दवाखान्यातही होते. गरोदरपणात साखर वाढलेली राहिली तर बाळाला पुढे वजनाचा आणि मधुमेहाचा धोका त्या बाजूनेही वाढतो. तंबाखूची मिश्री लावत असाल तर सोडा, तिने बाळाचं वजन घटतं. सहा महिने फक्त आईचं दूध, आणि दोन वर्षांपर्यंत वरून साखर नाही. ब्रिटनमध्ये साखरेचं रेशन सप्टेंबर १९५३ मध्ये उठलं. त्याआधी पोटात आणि पहिल्या दोन वर्षांत ज्यांना कमी साखर मिळाली, त्यांना मोठेपणी मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी कमी निघाला, असं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. पोटातले नऊ महिने आणि ही दोन वर्षं मिळून हजार दिवस होतात.

तुमच्या मुलीचे ते दिवस मागे पडले. पण तिचं वाढायचं वय अजून पुढे आहे, आणि त्याचा एक फायदा आहे. मोठ्या माणसाला वजन उतरवावं लागतं, मुलाला नुसतं सावकाश घ्यावं लागतं. या वयात मुली वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतात. समजा पुढच्या वर्षी ती १४१ ची झाली आणि वजन ४० च्या आसपासच राहिलं, तर तिचा बीएमआय २२ वरून २० वर येतो. एक किलोही न उतरवता. एखाद-दोन किलो वाढले तरी घाबरू नका, पाळी यायच्या आधीच्या वर्षांत अंग थोडं भरतंच.

राहिलं 'ढोली'. हे मला सगळ्यात जास्त लागलं. वर्गशिक्षिकेला भेटा. मुलीला घेऊन नको, एकट्या जा आणि मिस्टरांनाही न्या. कोण काय म्हणालं ते शांतपणे सांगा आणि तिचं नाव नृत्यात ठेवायची विनंती करा, मागच्या रांगेत न टाकता. घरातही वजनावरचा प्रत्येक शब्द बंद, लाडाचाही. 'माझी गुब्बू' सुद्धा नको. घरच्यांच्या तोंडून वजनाबद्दल ऐकणारी मुलं पुढे जास्त चोरून खातात आणि शरीराचा तिरस्कार करायला शिकतात. तिच्यासमोर तुम्ही आरशात बघून स्वतःच्या पोटाला नावं ठेवत असाल तर तेही सोडा. ती बघत असते. आणि रोज संध्याकाळी मशिन थांबवून दहा मिनिटं तिचं कोळीगीत लावा. तिला नाच म्हणू नका, तुम्ही नाचा.

वजनकाटा असेल तर माळ्यावर टाका. त्याऐवजी स्वयंपाकघराच्या दाराशी भिंतीवर पेन्सिलीने उंचीच्या खुणा करा. तिची, तुमची, बाबांची, आजींचीही. दर तीन महिन्यांनी फक्त तिची खूण वर सरकेल.

तीन महिन्यांनी मला पुन्हा लिहा. वजन नाही कळवलंत तरी चालेल. पहिली भाकरी कशी झाली आणि गॅदरिंगला ती कितव्या रांगेत होती, ते मात्र नक्की कळवा.

तुमची ताई